मैदानातून अभ्यासिकेत

प्रा. दिनकर बळवंत देवधर पुण्यात टिळक रोडवरच्या एस. पी. कॉलेजात संस्कृत शिकवायचे आणि क्रिकेट खेळायचे. १९२६-२७च्या मोसमात आर्थर गिलिगनचा एमसीसी संघ भारतात आला, तेव्हा या प्राध्यापकांनी त्याच्याविरुद्ध १४८ धावा काढल्या. आपला पहिला कसोटी सामना झाला १९३२ मध्ये. देवधर तेव्हा चाळिशीत होते, आणि कसोटी खेळायची त्यांची राहिली ती राहिलीच. पण महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ असा लागोपाठ दोनदा रणजी करंडक जिंकला, तो त्यांच्या नेतृत्वाखाली. पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्यांनी मुंबईविरुद्ध २४६ धावा केल्या, आणि १९४४ मध्ये, वयाच्या ५२व्या वर्षी, एकाच सामन्याच्या दोन्ही डावांत शतकं ठोकली.

सदाशिव पेठेत ही गोष्ट सांगितली की ऐकणारा आधी संस्कृतवर खूश होतो. मला मात्र त्यात पगार दिसतो. धावा झाल्या तरी आणि नाही झाल्या तरी देवधरांच्या घरात महिन्याचा पगार येत होता. बोट मोडलं असतं, संघातून नाव गळलं असतं, तरी दुसऱ्या दिवशी वर्गात ते ‘देवधर सर’च राहिले असते. खेळ हे त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं सुख असेल, पण एकमेव ओळख नव्हती. त्यांच्या दीर्घ खेळीचं श्रेय व्यायामाला आणि शिस्तीला दिलं जातं, ते योग्यच आहे. त्यात थोडा वाटा या निर्धास्तपणाचाही असावा.

अर्थात हा निर्धास्तपणा सगळ्यांच्या वाट्याला नव्हता. प्राध्यापकाची खुर्ची कोणत्या घरातल्या मुलाला मिळायची आणि कोणत्या घरातल्या नाही, हे त्या काळात ठरलेलं होतं. देवधरांच्या आधीच्या पिढीतले पालवणकर बाळू याच पुण्यात गोऱ्या साहेबांच्या क्लबात मैदानाची कामं करता करता गोलंदाज झाले. आणि खाशाबा जाधवांना तर खुर्ची पदकानंतरही सहजी मिळाली नाही.

खाशाबांची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, पण आपण ती अर्ध्यावर थांबवतो. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा पैलवान १९४८ मध्ये लंडनला सहावा आला. १९५२ च्या हेलसिंकीसाठी पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. कांस्यपदक आलं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. गावी बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. आपली गोष्ट इथे संपते. खाशाबांची पुढे ३२ वर्षं चालू राहिली. पोलिसात फौजदार म्हणून नोकरी लागली ती १९५५ मध्ये, म्हणजे पदकानंतर तीन वर्षांनी. २७ वर्षं नोकरी करून ते सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले आणि मग पेन्शनसाठी झगडत राहिले. १९८४ मध्ये रस्त्यावरच्या अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. आता १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. चांगलं आहे.

या दोन माणसांच्या मध्ये महाराष्ट्राचं खेळाडूंविषयीचं सगळं धोरण मावतं. एकाला खुर्ची आधी होती. दुसऱ्याला ती बक्षीस म्हणून, उशिरा आणि कुरकुरत मिळाली. आपण गेली ७० वर्षं दुसरीच पद्धत सुधारत बसलो आहोत. रक्कम वाढली, पद वाढलं, वेळ थोडा कमी झाला. पण आधी पदक, मग माणूस, हा क्रम तोच राहिला.

*

आजच्या सदाशिव पेठेत खेळाडू शोधायचा तर मैदानापेक्षा अभ्यासिकेत सापडण्याची शक्यता जास्त. पेरूगेट, नागनाथ पार, भिकारदास मारुती, तिकडून शास्त्री रोड आणि नवी पेठ, हा सगळा पट्टा स्पर्धा परीक्षांचा. जुन्या वाड्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींच्या माळ्यांवर अभ्यासिका, खाली झेरॉक्स, शेजारी मेस आणि भिंतींवर ‘कॉट बेसिस’च्या चिठ्ठ्या. दुपारी एक ते चार पेठ झोपते ही जुनी थट्टा. अभ्यासिकेतली पोरं नेमकी त्याच वेळी जागी असतात, कारण सकाळची बॅच संपलेली असते आणि संध्याकाळची टेस्ट सिरीज सुरू व्हायची असते.

या गर्दीत ‘खेळाडू कोटा’वाले असतात. शासकीय नोकऱ्यांत प्रावीण्यप्राप्त खेळाडूंना पाच टक्के समांतर आरक्षण आहे. २००५ पासूनचा हा निर्णय, निकष २०१६ मध्ये बदलले. वयाची सवलत आहे, ४३ पर्यंत परीक्षा देता येते. दहावी-बारावीला खेळाचे जास्तीत जास्त २५ वाढीव गुण मिळतात, हे तर प्रत्येक आईबापाला ठाऊक असतं. कागदावर पाहिलं तर महाराष्ट्राने खेळाडूंसाठी दरवाजे बरेच उघडून ठेवले आहेत.

ते दरवाजे जवळून कसे दिसतात हे समजायला एक मुलगी कल्पूया. ती खरी कोणी नाही, पण पेठेत तिच्यासारख्या बऱ्याच सापडतील. धाराशिव जिल्ह्यातली, खो-खोची. धाराशिव यासाठी की तिथे खो-खोची जुनी परंपरा आहे. सारिका काळे तिथली. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत तिच्या नेतृत्वाखाली भारताच्या मुलींनी सुवर्ण जिंकलं, २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला आणि ती क्रीडा अधिकारी म्हणून काम करू लागली. आपल्या कल्पनेतल्या मुलीने शाळेच्या वर्गात सारिकाताईचा फोटो पाहिलेला आहे. ती दहाव्या वर्षापासून खेळते. राष्ट्रीय स्पर्धांत राज्याकडून उतरली, एक रौप्य, एक कांस्य. संरक्षणात तिघींच्या तुकडीत तिला पहिलं पाठवायचे, कारण एकेरी साखळीत ती सहजी सापडायची नाही. २२व्या वर्षी पोल वळताना गुडघा फिरला. शस्त्रक्रिया झाली. वर्षभराने ती परत उतरली, पण वळताना मनात पाव सेकंद थांबायला लागली, आणि खो-खोत पाव सेकंद म्हणजे बाद.

आता ती सदाशिव पेठेत चौघींत एक खोली करून राहते. सकाळी उठून धावायला जाते, कारण न धावता तिला झोप लागत नाही. मग अभ्यासिका. लाकडी खुर्चीत दोन तास बसलं की गुडघा ताठतो, उठून जिन्यात चार फेऱ्या मारायच्या. राज्यघटनेतल्या कलमांपेक्षा तिला सी-सॅटचे उतारे छळतात. बारा वर्षं शाळेत तिची हजेरी होती, पण ती बरीचशी मैदानावरची. ‘तू खेळ, पेपरचं आम्ही बघतो’ असं म्हणणारे सर प्रेमळ होते. त्या प्रेमाची किंमत ती आता फेडते आहे. खोलीतल्या तिघींना ती खेळायची हे ठाऊक आहे. किती चांगली खेळायची, हे कोणालाच ठाऊक नाही. पीएसआयच्या मैदानी चाचणीचे दिवस आले की शेजारच्या खोल्यांतल्या मुली तिला गाठतात. ताई, गोळा कसा फेकायचा? ताई, लांब उडीत पाय कुठे टाकायचा? ती दाखवते. त्या आठवड्यात ती बरी हसते.

आणि मग प्रमाणपत्राची पडताळणी. ज्या गटाची जागा, त्या पातळीची कामगिरी लागते आणि ती खरी आहे हे क्रीडा खात्याकडून तपासून घ्यावं लागतं. मूळ प्रमाणपत्र, स्पर्धेचा निकाल, संघातली नावं, संघटनेला मान्यता होती की नव्हती याचा कागद. चौदाव्या वर्षी खेळलेल्या स्पर्धेचा निकाल दहा वर्षांनी कुठे शोधायचा? तेव्हाचे सचिव बदललेले, एका खेळाच्या दोन संघटना झालेल्या, दोघी एकमेकींना बोगस म्हणणाऱ्या. हा जाच अधिकाऱ्यांनी हौसेने उभा केलेला नाही. काही वर्षांपूर्वी ट्रॅम्पोलिनसारख्या खेळांची बनावट प्रमाणपत्रं दाखवून लोकांनी नोकऱ्या मिळवल्याची प्रकरणं राज्यात बाहेर आली, त्यानंतर चाळणी बारीक होणारच होती. पण चोर पळाला आणि झडती प्रवाशांची चालली आहे. ज्या दिवशी ही मुलगी राज्याकडून उतरली त्याच दिवशी तिची नोंद एका सरकारी वहीत पक्की झाली असती, तर आज तिला फाईल घेऊन फिरावं लागलं नसतं. स्पर्धा भरवणाऱ्याला हे काम अर्ध्या दिवसाचं आहे.

*

आता वरच्या मजल्यावरच्या खेळाडूंकडे वळू. ज्यांनी पदकं आणली, ज्यांचे फोटो चौकात लागले, त्यांचं तरी सगळं ठीक असेल अशी आपली समजूत असते.

थेट नियुक्तीची पद्धत राज्यात आहे आणि तिने चांगली माणसं सेवेत आणली. माणदेशातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३,००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली, दहावी आली आणि पुढे महसूल खात्यात अधिकारी झाली. तीनदा महाराष्ट्र केसरी ठरलेला विजय चौधरी पोलीस उपअधीक्षक झाला, पैलवान राहुल आवारेही. गावातल्या पोराला ‘कुस्ती कर, डीवायएसपी होशील’ असं सांगता येतं, ही साधी गोष्ट नाही. तालमीला त्याने जीवदान मिळतं.

पण खुर्ची देणं वेगळं आणि खेळत असताना त्या खुर्चीत कसं बसायचं हे ठरवून देणं वेगळं. कोल्हापूरची राही सरनोबत उपजिल्हाधिकारी म्हणून नेमली गेली. २०१८ च्या एशियाडमध्ये तिने २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकलं. एशियाडचं सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय महिला नेमबाज. त्याच दिवसांत छापून आलं की २०१७ पासून तिचा पगार थांबलेला आहे. प्रांत कार्यालयात हजर राहायचं की रेंजवर, याचं उत्तर नियमात नसलं की असं होतं. नेमबाजीत महिनाभर सराव सुटला तर बोट बदलतं. आणि महसुलात महिनाभर गैरहजर अधिकारी म्हणजे तालुक्याची खोळंबलेली कामं. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. त्यांचा मेळ घालण्याचं काम मात्र कोणाच्याच टेबलावर नव्हतं.

स्वप्नील कुसाळेचं उदाहरण तर पुण्यातलंच. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा हा मुलगा २०१५ पासून मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता, नेमणूक पुण्याला. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये त्याला कांस्य मिळालं. खाशाबांनंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या वाट्याला आलेलं हे वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्याच्या पदोन्नतीची मागणी किती वर्षं अडकून होती, हेही त्याच आठवड्यात छापून आलं आणि पदोन्नती लगेच झाली. रेल्वेचं श्रेय काढून घ्यायचं कारण नाही. पगार देऊन खेळाडू सांभाळणारी रेल्वेसारखी दुसरी संस्था देशात विरळा, सेनादल सोडलं तर. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर महार रेजिमेंटमध्ये भरती झाला, सियाचीनला तैनात होता, आणि तिथून स्टीपलचेसच्या ऑलिंपिक अंतिम फेरीपर्यंत धावला. त्याला पहिल्यांदा नोकरी मिळाली, मग खेळ. देवधरांचा क्रम, फौजी कपड्यातला.

मुरलीकांत पेटकर हे याच रांगेतलं नाव. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झालेला हा जवान १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर पोहण्यात सुवर्ण जिंकून आला आणि मग पुण्यात टेल्कोत नोकरी करत राहिला. त्यांच्यावर सिनेमा निघाला २०२४ मध्ये, अर्जुन पुरस्कार मिळाला जानेवारी २०२५ मध्ये. मधल्या बऱ्याच वर्षांत त्यांना उभं ठेवलं ते कारखान्याच्या पगारपत्रकाने. तिथे रोज भेटणाऱ्या माणसांनीही ठेवलं असावं, पण त्याची नोंद कुठल्या पत्रकात होत नाही.

*

नोकरी, पगार, कोटा यांवर आपण तासभर बोलू शकतो. मनाचा विषय निघाला की पेठेतला माणूस ‘खंबीर राहायला पाहिजे’ म्हणतो आणि चहा मागवतो.

२०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने अव्वल खेळाडूंच्या मानसिक आरोग्यावर तज्ज्ञांचं एक एकत्रित निवेदन ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये प्रसिद्ध केलं. तोवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले, तर खेळत असलेल्या अव्वल खेळाडूंपैकी सुमारे एक तृतीयांश जणांत चिंता-नैराश्याची लक्षणं दिसतात, निवृत्तांत सुमारे एक चतुर्थांश. हे आकडे जगातल्या सधन देशांतलेच जास्त, जिथे विचारणारा कोणी असतो. बीजिंगचं सुवर्ण जिंकल्यावर आलेल्या रितेपणाबद्दल नेमबाज अभिनव बिंद्रा उघडपणे बोलला आहे. जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सने २०२१ मध्ये टोकियोत स्पर्धा मध्येच सोडली तेव्हा जगाला पहिल्यांदा कळलं की जिवंत, धडधाकट, अजिंक्य खेळाडूही ‘आज नाही’ म्हणू शकतो. तिने तीन वर्षांनी पॅरिसमध्ये पुन्हा सुवर्ण जिंकलं. विसावा घेतलेला खेळाडू संपत नाही, याचा याहून चांगला पुरावा कोणता?

आपल्याकडे खेळाडूंच्या मनाचं हे काम एकट्याने करणारे भीष्मराज बाम होते. पोलीस सेवेत वरिष्ठ अधिकारी राहिलेले, निवृत्तीनंतर नाशिकमध्ये बसून नेमबाजांपासून क्रिकेटपटूंपर्यंत अनेकांच्या मनाची मशागत करणारे. योगाची भाषा आणि रेंजवरची शिस्त त्यांनी एकत्र आणली. २०१७ मध्ये, व्याख्यान देत असतानाच, ते गेले. त्यांच्याकडे खेळाडू जायचे ते बहुतेक नेम सुधारण्यासाठी. खेळ थांबल्यावर काय करायचं हा प्रश्न घेऊन कोणाकडे जायचं, ही जागा तेव्हाही रिकामी होती.

या प्रश्नाचं मूळ साधं आहे. मूल आठ-दहा वर्षांचं असताना आपण त्याला ‘आमचा पैलवान’, ‘आमची चॅम्पियन’ म्हणायला लागतो. सरकारी निवासी क्रीडा प्रबोधिनीत घातलं की घर सुटतं, मित्र खेळातले, सुट्टी खेळाची, जेवण खेळाचं. वीस वर्षं एकाच आरशात पाहिल्यावर तो आरसा फुटला तर माणसाला स्वतःचा चेहरा आठवत नाही. आणि आरसा एका क्षणात फुटतो. गुडघा फिरतो, वजनगट हुकतो, निवड समितीच्या यादीत नाव नसतं. निरोप समारंभ फक्त मोठ्यांचे होतात. बाकीच्यांना आपण निवृत्त झालो हे सहा महिन्यांनी, बूट बाहेर काढायचे राहून गेल्यावर, समजतं. त्यात मुलींची निवृत्ती बऱ्याचदा लग्नाच्या पत्रिकेबरोबरच छापून येते, पण तो एका वेगळ्या लेखाचा विषय आहे.

पैशाचंही तसंच. प्रो कबड्डी २०१४ मध्ये सुरू झाली आणि २०१९ च्या लिलावात कोल्हापूरकडचा सिद्धार्थ देसाई १ कोटी ४५ लाखांना गेला. त्या दिवशी गावोगावच्या मैदानांवर काय वारं शिरलं असेल ते सांगायला नको. पण करार मोसमापुरता असतो, आणि २३ वर्षांच्या मुलाच्या खात्यात एकदम पैसे आले की सल्ला द्यायला सगळ्यात आधी पोचतो तो जमिनीचा एजंट. करार वाचणं, कर भरणं, विमा उतरवणं, ‘नाही’ म्हणणं हे चढाई आणि पकडीइतकंच शिकवण्याजोगं कौशल्य आहे. ते शिकवायला सरकारी तिजोरी लागत नाही, लक्ष्मी रोडवरचा एखादा सज्जन सीए पुरतो.

*

बाहेर काय करतात? ऑस्ट्रेलियाने नव्वदच्या दशकातच आपल्या क्रीडा संस्थेत खेळाडूंच्या शिक्षण-करिअरसाठी स्वतंत्र कार्यक्रम उभा केला. ब्रिटनमध्ये राष्ट्रीय संघांतल्या खेळाडूंना ‘परफॉर्मन्स लाइफस्टाइल’ सल्लागार असतो. फिजिओ असतो, आहारतज्ज्ञ असतो, तसाच हाही. परीक्षा आणि स्पर्धा एका आठवड्यात आल्या तर विद्यापीठाला फोन करणारा, दुखापत झाली तर घरी जाऊन बसणारा, आणि निवृत्तीच्या दोन वर्षं आधी ‘पुढे काय?’ हा अप्रिय प्रश्न काढणारा. ऑलिंपिक समितीने २००५ मध्ये एका मोठ्या नोकरभरती कंपनीला बरोबर घेऊन खेळाडूंच्या करिअरचा कार्यक्रम सुरू केला. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. मदत खेळ चालू असतानाच सुरू होते आणि ती करणाऱ्या माणसाला नाव आणि फोन नंबर असतो.

आपल्याकडे २९ ऑगस्ट २०२४ रोजी, राष्ट्रीय क्रीडा दिनी, केंद्राने ‘रीसेट’ नावाचा कार्यक्रम जाहीर केला. निवृत्त खेळाडूंना प्रशिक्षण देऊन पायावर उभं करायचं, चालवायचं ग्वाल्हेरच्या लक्ष्मीबाई संस्थेने, वय २० ते ५०, बारावी झालेल्यांसाठी एक पातळी आणि त्याहून कमी शिकलेल्यांसाठी दुसरी. ऑलिंपिक पदकवीरांना महिना २०,००० रुपयांची केंद्राची पेन्शन त्याआधीपासून आहे. ‘रीसेट’चं स्वागतच करायला हवं, विशेषतः दुसऱ्या पातळीचं. बारावीपर्यंतही न पोचलेले राष्ट्रीय खेळाडू आपल्याकडे आहेत, हे सरकारने त्या एका ओळीत कबूल केलं. पण कार्यक्रमाच्या पूर्ण नावातच ‘निवृत्त’ आहे. घर जळाल्यावरची ही विहीर आहे. पाणी चांगलं, पण उशिरा लागलेलं.

विहीर आधी खणायची तर पुण्यात सामान तयार आहे, तेही पेठेत. ज्ञान प्रबोधिनी सदाशिव पेठेतली, १९६२ मध्ये मानसशास्त्राचे अभ्यासक आप्पा पेंडसे यांनी सुरू केलेली. तिची मानसशास्त्र संशोधिका मुलांचे कल तपासते, तिचं स्पर्धा परीक्षा केंद्र अधिकारी घडवतं, आणि निगडीला तिचंच क्रीडाकुल आहे, जिथे शाळा आणि खेळ एकाच छपराखाली चालतात. टिळक रोडवरच्या महाराष्ट्रीय मंडळाला नुकतीच १०० वर्षं झाली. शिवरामपंत दामल्यांनी १९२४ मध्ये व्यायामाची जी वीट ठेवली, तिच्यावर पुढे शारीरिक शिक्षणाचं महाविद्यालय उभं राहिलं. बालेवाडीची क्रीडानगरी १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी बांधली, तिथे पोरं घाम गाळतात. खेळ बालेवाडीत, मन ज्ञान प्रबोधिनीत, परीक्षा पेठेत. या तिघांत अंतर फार तर १५ किलोमीटर. आपल्या त्या धाराशिवच्या मुलीला ते पार करायला एक शस्त्रक्रिया आणि सहा वर्षं लागली.

आणि खेळाडूला खेळापासून तोडूनच अधिकारी करायचं, असा हट्ट तरी का? पुण्याचा अभिजित कुंटे २००० मध्ये ग्रँडमास्टर झाला. २०२४ मध्ये बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये भारताच्या मुलींनी सुवर्ण जिंकलं तेव्हा संघाचा कर्णधार तो होता, पटावर न बसणारा. दीपाली देशपांडे २००४ मध्ये अथेन्सला नेमबाज म्हणून गेल्या होत्या. कुसाळेच्या पदकामागे प्रशिक्षक म्हणून त्या होत्या, आणि त्यांना द्रोणाचार्य मिळाला. एका खेळाडूचं दुसरं आयुष्य असं पुढच्या दहा खेळाडूंचं पहिलं आयुष्य होतं. राज्यातल्या किती शाळांत पूर्णवेळ क्रीडाशिक्षक आहे, असं कोणी विचारलं तर आपण मान खाली घालतो, आणि तेव्हाच राष्ट्रीय पदकं घेतलेली मुलं लिपिकाच्या जागेसाठी चालू घडामोडी पाठ करत असतात. दोन टोकं आहेत, गाठ मारायची राहिली आहे.

गाठ मारायला काय लागेल ते मी एका बैठकीत लिहून देऊ शकतो. क्रीडा प्रबोधिनीत मूल घेताना ज्या फॉर्मवर उंची-वजन लिहितात, त्याच फॉर्मवर त्याच्या शिक्षणाची जबाबदारी कोणाची, हे नावानिशी लिहावं. थेट नियुक्तीच्या आदेशातच सरावाचे दिवस आणि कार्यालयाचे दिवस ठरवावेत, म्हणजे पगार कापायचा की नाही हे कारकुनाला ठरवावं लागणार नाही. मोठ्या दुखापतीनंतर शस्त्रक्रियेच्या बिलात समुपदेशकाच्या भेटी धराव्यात. आणि पेठेतल्या प्रत्येक क्लासच्या फलकावर उत्तीर्ण झालेल्यांचे फोटो असतात, तसा प्रत्येक क्रीडा प्रबोधिनीच्या दारावर दरवर्षी एक कागद लावावा: पाच वर्षांपूर्वी इथून बाहेर पडलेली मुलं आज काय करतात. किती खेळतात, किती शिकतात, किती नोकरीत आहेत, कितींचा पत्ता नाही. पदकांचा तक्ता प्रत्येक संस्थेत लावलेला पाहिला आहे. हा दुसरा तक्ता मी अजून कुठे लावलेला पाहिला नाही, आणि येत्या १५ जानेवारीला भाषणांच्या आधी तोच वाचून दाखवावा, अशी माझी क्रीडा खात्याला विनंती आहे.